एचटीएमएल फाइल साफ करताना मराठी मोडते तेव्हा

जुन्या मराठी संकेतस्थळांच्या एचटीएमएल फाइली पायथनने वाचायच्या, त्यातला कचरा काढायचा आणि नुसता मजकूर नीट हाती द्यायचा, हे काम मी बरीच वर्षे करते आहे. दिवाळी अंकांची जुनी पाने, ग्रंथालयांच्या सूच्या, संस्थांचे वार्षिक अहवाल, कुणाच्या वडिलांनी वर्डमध्ये टंकून ‘वेब पेज’ म्हणून जपून ठेवलेल्या आठवणी. माणसे बदलतात, फाइली बदलतात, बिघाड मात्र तोच येतो. स्क्रिप्ट एकही त्रुटी न दाखवता संपते आणि हातात पडते ती मोडलेली मराठी.

याचे कारण सरळ आहे. साफसफाईच्या बहुतेक तयार युक्त्या इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. तिथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह. आपल्याकडे ‘स्त्री’ या एका अक्षरात सहा चिन्हे असतात आणि त्यातली दोन तर फक्त पाय मोडण्याची. ही चिन्हे स्क्रिप्टला कचऱ्यासारखी दिसतात आणि ती झाडून टाकते. म्हणून खालचा क्रम मी मराठी फाइलींसाठी बसवला आहे: आधी फुकट आणि पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या, शेवटी दिवस खाणाऱ्या.

उदाहरणे पायथन आणि ब्यूटिफुलसूपची (एचटीएमएल उलगडणारे पायथनचे ग्रंथालय, म्हणजे तयार आज्ञांचा संच) चौथी आवृत्ती धरून दिली आहेत. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टंकताना ती रोमनमध्येच टंकायची.

लक्षणे

आधी आपला बिघाड यातला कोणता ते ओळखा. अनेकदा दोन-तीन एकत्र असतात.

• मराठीच्या जागी एकाच साच्यातली चिन्हे पुन्हा पुन्हा येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, त्यापुढे चार टोके असलेले बारीक वर्तुळ किंवा येनचे चिन्ह, मग आणखी एखादे चिन्ह.

• मजकुरात जागोजागी साधी प्रश्नचिन्हे, किंवा काळ्या शंकरपाळ्यात बसलेली प्रश्नचिन्हे.

• रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ. ब्राउझरचे एन्कोडिंग (कोणते बाइट म्हणजे कोणते चिन्ह हे ठरवणारी मांडणी) काहीही निवडले तरी तो तसाच राहतो.

• स्क्रिप्ट चालते, पण यादी रिकामी येते. किंवा ‘नन-टाइप’ला अमुक गुणधर्म नाही अशी तक्रार येते.

• लेख अर्ध्यावर संपतो.

• शब्द एकमेकांना चिकटतात, किंवा उलट, एकच शब्द मधोमध तुटतो: ‘महाराष्’ आणि पुढे जागा सोडून ‘ट्र’.

• ‘मराठी’चे ‘मरठ’ होते, ‘पुस्तक’चे ‘पसतक’.

• मजकूर डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो, पण शोधला की सापडत नाही.

आधी प्रत

मूळ फोल्डरची प्रत काढा, तो फोल्डर फक्त वाचण्यापुरता करून ठेवा आणि स्क्रिप्टचे उत्पादन नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये लिहा. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत मूळ हरवलेल्या बऱ्याच असतात. खाली जे दुरुस्त होण्यासारखे बिघाड सांगितले आहेत ते मूळ बाइट जागेवर असतील तरच दुरुस्त होतात.

फाइल संपादकात उघडा

ब्राउझर दाखवतो ते पान म्हणजे तुमची फाइल नव्हे. ब्राउझरने न मिटलेले टॅग मिटवलेले असतात, राहिलेले टॅग स्वतः घातलेले असतात आणि जावास्क्रिप्ट चालवून मजकूर भरलेला असतो. म्हणून फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडा आणि तुम्हाला हवे असलेले वाक्य तिथे आहे का ते पाहा.

नसेल, तर तीन शक्यता. एक, मजकूर जावास्क्रिप्ट मागाहून आणत असेल. मग फाइल कितीही घासली तरी तो निघणार नाही, पान ब्राउझरमध्ये पूर्ण भरल्यावर पुन्हा जतन करावे लागेल. दोन, मजकूर अंकांच्या रूपात असेल. अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम अशी जोडणी दिसली तर तो ‘म’ आहे. घाबरू नका, पार्सर (फाइल वाचून तिच्या टॅगांचे झाड बांधणारा भाग) त्याचे आपोआप ‘म’ करतो. पण पार्सरआधीच कच्च्या फाइलवर शोधा-बदला चालवत असाल तर तुमच्या स्क्रिप्टला ती मराठी दिसणारच नाही. तिसरी शक्यता जुन्या फॉन्टची, ती शेवटी घेते.

रिकाम्या यादीचे कारणही बहुतेक वेळा इथेच सापडते. तक्त्यातली ओळ काढायची म्हणून आपण ब्राउझरच्या तपासणी-खिडकीतून तिचा मार्ग उचलतो: टेबल, त्यात टी-बॉडी, त्यात टीआर. पण टी-बॉडी फाइलमध्ये नसतोच, तो ब्राउझरने घातलेला असतो. पायथनचा अंगभूत पार्सर आणि एलएक्सएमएल हा वेगळा बसवायचा पार्सर, दोघेही तो स्वतःहून घालत नाहीत, म्हणून मार्ग कुठेच पोचत नाही. मार्गातून टी-बॉडी काढा आणि पुन्हा चालवा. या एका ओळीसाठी लोकांनी अख्खा रविवार घालवलेला मी पाहिला आहे.

बाइट काय सांगतात

संपादकात वाक्य आहे पण स्क्रिप्टमधून बिघडून येते, तर एन्कोडिंग पाहा. फाइल ‘आरबी’ या पद्धतीने उघडा, म्हणजे पायथन ती बाइटच्या रूपात देईल, आणि सुरुवातीचे दोन-तीन हजार बाइट छापा.

यूटीएफ-८ या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि त्यातले पहिले दोन नेहमी ई० ए४ किंवा ई० ए५ असतात (इथे बाइट षोडशमान पद्धतीने, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिले आहेत). ही जोडी दाट दिसली की फाइल यूटीएफ-८ आहे, मग वर मेटा टॅगमध्ये काहीही लिहिलेले असो. मेटा टॅग सर्रास खोटा असतो. जुन्या साच्यातून नवे पान तयार केलेले असते, साच्यात आयएसओ-८८५९-१ लिहिलेले असते आणि ते तसेच राहते. ब्यूटिफुलसूपला बाइट दिले की ते आधी त्या मेटावर विश्वास ठेवते. म्हणून एन्कोडिंग आपण सांगायचे: ‘फ्रॉम-एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ द्या आणि नंतर ‘ओरिजिनल-एन्कोडिंग’ छापून त्याने काय धरले ते खात्री करून घ्या.

फाइलच्या तोंडाशी एफएफ एफई हे दोन बाइट दिसले तर ती यूटीएफ-१६ आहे. जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून जतन केलेल्या फाइली अशा निघतात. त्यात इंग्रजी अक्षरांमागे शून्य-बाइट भरलेले असतात आणि काही पार्सर शून्य-बाइट दिसताच वाचणे थांबवतात. लेख अर्ध्यावर तुटण्याचे हे एक कारण. ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट दिसले तर फाइल यूटीएफ-८च आहे, फक्त पुढे खूणचिठ्ठी लावलेली आहे. ‘यूटीएफ-८-सिग’ म्हणून वाचा, ती चिठ्ठी निघून जाईल.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. ‘ओपन’ला एन्कोडिंग सांगितले नाही तर पायथन विंडोजच्या स्थानिक मांडणीने फाइल उघडते आणि आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ती मांडणी सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीची विंडोजची जुनी मांडणी असते. तीच स्क्रिप्ट लिनक्सवर नीट चालते आणि कार्यालयातल्या संगणकावर बिघडते, ती यामुळे. वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा एन्कोडिंग लिहा.

आणि ‘एरर्स’ पुढे ‘इग्नोर’ लिहू नका. त्रुटी थांबते, पण जे वाचता आले नाही ते मुकाट्याने टाकून दिले जाते. मराठीत टाकून दिले जाते ते बहुधा पाय मोडण्याचे चिन्ह किंवा उकार, हे पुढच्याच तपासणीत दिसेल.

दोनदा गुंडाळलेली मराठी

पहिले लक्षण, म्हणजे तिरक्या रेघेचा ए आणि वर्तुळ, जर संपादकातही तसेच दिसत असेल तर बिघाड फाइलमध्ये मुरलेला आहे. कुणीतरी यूटीएफ-८ फाइल सीपी-१२५२ समजून उघडली आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा जतन केली. ई० या बाइटचा झाला तिरक्या रेघेचा ए, ए४चे झाले वर्तुळ, ए५चे येन.

उपाय सगळीकडे एकच सांगितला जातो: मजकूर सीपी-१२५२ मध्ये एन्कोड करा आणि यूटीएफ-८ मध्ये डीकोड करा, उलटा प्रवास होईल. फ्रेंच किंवा जर्मन मजकुराला हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो. मराठीत तो अडतो आणि का अडतो ते समजून घेण्यासारखे आहे.

सीपी-१२५२ मध्ये ५ जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता आपली चिन्हे पाहा. पाय मोडण्याचे चिन्ह म्हणजे ई० ए५ ८डी. पहिला उकार ई० ए५ ८१. ‘ए’ हे अक्षर ई० ए४ ८एफ, ‘ऐ’ ई० ए४ ९०, ‘झ’ ई० ए४ ९डी. नेमक्या त्याच रिकाम्या जागांवर मराठीतली रोज लागणारी चिन्हे येऊन पडतात. ब्राउझर या जागांवर न दिसणारी नियंत्रण-चिन्हे ठेवून वेळ निभावतो, पायथनचे सीपी-१२५२ मात्र तिथे त्रुटी देते. मग माणूस ‘इग्नोर’ लिहितो. ‘पुस्तक’ या शब्दातला उकार गेला, पाय मोडणेही गेले, उरले ‘पसतक’.

यासाठी एफटीएफवाय हे ग्रंथालय बसवा. त्यात ‘स्लॉपी-विंडोज-१२५२’ नावाची मांडणी आहे, ती या पाच जागा जशाच्या तशा पार करते. तिच्यातून एन्कोड करा, यूटीएफ-८ने डीकोड करा, ‘पुस्तक’ परत येते. त्याच ग्रंथालयातले ‘फिक्स-टेक्स्ट’ एकदम चालवण्यापेक्षा ‘फिक्स-एन्कोडिंग’ वापरा, कारण पहिले अवतरणचिन्हांसारख्या इतर गोष्टीही बदलते. फाइल तीनदा गुंडाळलेली असेल तर हाच प्रवास दोनदा करावा लागतो. तसे मी पाहिले आहे, नवल वाटून घेऊ नका.

हे सगळे चालते ते बाइट शिल्लक असतील तर. वर्तुळ किंवा येननंतर खरेखुरे प्रश्नचिन्ह, नाहीतर शंकरपाळ्यातले प्रश्नचिन्ह असेल, तर तिसरा बाइट पुसला गेला आहे. तिथे उकार होता की पाय मोडला होता हे कोणतीही स्क्रिप्ट ठरवू शकत नाही. आणखी जुनी प्रत शोधा.

पार्सर बदलून पाहा

ही तपासणी एका शब्दाची आहे. ब्यूटिफुलसूपला कोणता पार्सर वापरायचा ते सांगितले नाही तर ते त्या संगणकावर असलेल्यातून निवडते, म्हणून दोन संगणकांवर दोन उत्तरे येतात. नाव नेहमी लिहा. मोडक्या फाइलीवर अंगभूत पार्सर, एलएक्सएमएल आणि एचटीएमएल५लिब ही तिन्ही वेगवेगळी झाडे बांधतात. एचटीएमएल५लिब ब्राउझरसारखे वागते पण संथ आहे. रोजच्या कामाला मी एलएक्सएमएल घेते आणि लेख तुटला तर तेवढी फाइल एचटीएमएल५लिबकडे देते. तरीही तुटला तर फाइलमध्ये उघडलेली पण न मिटवलेली टिप्पणी शोधा, ती पुढचा सगळा मजकूर गिळते.

रेग्युलर एक्स्प्रेशनने टॅग उपटू नका. एका पानावर चालते, शंभराव्या पानावर एखाद्या चित्राच्या पर्यायी मजकुरात मोठे-लहानचे चिन्ह निघते आणि अर्धा परिच्छेद जातो, तोही कुणाच्या लक्षात न येता.

टॅग काढताना

वर्डमधून आलेल्या फाइलींत एकेका शब्दाभोवती तीन-तीन स्पॅन असतात. ते काढायला ‘डीकम्पोज’ वापरले तर टॅगबरोबर आतला मजकूरही जातो. मजकूर ठेवून नुसते वेष्टन काढायचे तर ‘अनरॅप’. स्क्रिप्ट आणि स्टाइल या टॅगांना डीकम्पोज, स्पॅन, फॉन्ट आणि बी यांना अनरॅप. फॉन्ट टॅगबद्दल मात्र पुढे एक गंभीर सूचना आहे, ती वाचल्याशिवाय त्याला हात लावू नका.

शब्द चिकटतात म्हणून लोक ‘गेट-टेक्स्ट’मध्ये दुभाजक म्हणून जागा देतात. मग दुसरी अडचण येते: वर्डने स्पॅन शब्दाच्या मधोमध तोडलेला असेल तर ‘महाराष्’ आणि ‘ट्र’ वेगळे पडतात. अनरॅप केल्यावरही हे थांबत नाही, कारण वेष्टन गेले तरी आतले दोन तुकडे झाडात वेगळेच राहतात आणि दुभाजक त्यांच्यामध्ये बसतो. अनरॅपनंतर ‘स्मूथ’ ही आज्ञा द्यायची, ती शेजारचे तुकडे सांधते. त्यानंतरच गेट-टेक्स्ट. ‘प्रिटिफाय’ फक्त डोळ्यांनी पाहण्यासाठी आहे. त्याने सजवलेली फाइल जतन केली तर शब्दांमध्ये नको त्या जागा कायमच्या शिरतात.

आचाऱ्यांचे मानधन

एका संस्थेच्या जुन्या अहवालांची पाने साफ करून मी त्यांच्या हवाली केली होती. दोन दिवसांनी तिथल्या लेखनिक बाईंचा फोन आला. शाळेत मुलांचे जेवण रांधणाऱ्या आचाऱ्यांना मानधन वाढवून दिल्याची नोंद होती. माझ्या फाइलमध्ये लिहिले होते, ‘आचार्यांना मानधन वाढवून देण्यात आले’. त्या म्हणाल्या, “ताई, आमच्याकडे आचार्य कुणीच नाहीत.” त्यांनी वाचले म्हणून कळले. मी पाने चाळली होती, पण शब्द खरा होता, वाक्यही खरे वाटत होते, म्हणून डोळा अडला नव्हता.

घडले होते ते असे. ‘आचाऱ्यांना’मधला अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जातो. एकीत खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडून पुढे य. दुसरीत साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह, त्यापुढे न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह आणि मग य. फाइल दुसऱ्या पद्धतीची होती. माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘शून्य रुंदीची सगळी चिन्हे काढा’ अशी एक ओळ होती, इंग्रजी फाइलींसाठी कधीतरी लिहिलेली. जोडचिन्ह गेले आणि र्‍य चा र्य झाला. आचाऱ्यांचे आचार्य, दऱ्यांचे दर्या, आणि ‘दुसऱ्या’सारखे शेकडो शब्द अशुद्ध.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. शून्य-रुंदीचे जोडचिन्ह, म्हणजे युनिकोडमधले २००डी, आणि तोडचिन्ह, म्हणजे २००सी, मराठी मजकुरातून सरसकट काढायचे नाही. २००बी ही शून्य-रुंदीची जागा, मऊ संयोगचिन्ह आणि मजकुराच्या मध्येच अडकलेली एफईएफएफ ही खूणचिठ्ठी, हा खरा कचरा. तो काढा. न तुटणाऱ्या जागेची, म्हणजे एनबीएसपीची, साधी जागा करा.

‘मरठ’ची गोष्ट याच घरातली. विरामचिन्हे काढायला लोक रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दचिन्ह नसलेले सगळे’ असे लिहितात, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि मोठा डब्ल्यू. पायथनच्या अंगभूत ‘आरई’मध्ये या शब्दचिन्हांत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह येतच नाही. त्याच्या लेखी ती अक्षरे नाहीत. मराठीचे मरठ होते ते यामुळे. काय ठेवायचे ते स्पष्ट लिहा: ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पूर्ण पट्टा, वर २००सी आणि २००डी. ‘अॅक्सेंट’ काढण्याच्या तयार युक्त्याही अशाच घातक आहेत. त्या अक्षर फोडून वरची-खालची खूण टाकून देतात. फ्रेंचची तिरकी रेघ जावी म्हणून लिहिलेल्या असतात, आपले उकार आणि मात्रा घेऊन जातात.

तपासायचा सोपा मार्ग मोजणीचा. साफ करण्याआधी पार्सरमधून निघालेल्या मजकुरात पाय मोडण्याची चिन्हे किती, पहिले उकार किती, जोडचिन्हे किती ते मोजा. साफ केल्यावर पुन्हा मोजा. नको असलेली पट्टी किंवा तळटीप काढल्याने आकडा थोडा उतरेल. पण एकच आकडा कोसळला आणि बाकीचे जागेवर राहिले, तर बिघाड कुठे आहे ते लगेच कळते. दहा ओळींची ही मोजणी मी आता प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी ठेवते.

दिसते तेच, पण सापडत नाही

‘ॲप’ शोधा आणि सापडत नाही. कारण ॲ हे एकसंध चिन्ह युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात ते अ आणि वर चंद्र असे दोन चिन्हांत असते. डोळ्यांना दोन्ही सारखे. एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण (सुटे तुकडे जोडून एकसंध चिन्ह करणारे) चालवावे, त्याने र आणि नुक्ता, म्हणजे खालचे टिंब, यांचा ऱ होतो, पण ॲ त्याने जुळत नाही. तसेच अ आणि काना मिळून आलेला ‘आ’, अ आणि ओकार मिळून आलेला ‘ओ’. हे फॉन्ट-परिवर्तकांतून आलेल्या मजकुरात खच्चून भरलेले असते. त्यासाठी स्वतःचा छोटा तक्ता करा आणि बदला. अर्ध्या र च्या दोन पद्धतींतली एक निवडा आणि दुसरी तिच्यात बदलून घ्या, म्हणजे ‘दुसऱ्या’ एकदाच शोधावे लागेल.

जुने फॉन्ट

हा शेवटचा आणि सर्वांत अवघड बिघाड. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आणि मंगल फॉन्ट आला. त्याआधी, आणि सवयीने नंतरही कितीतरी वर्षे, मराठी पाने श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव, डीव्ही-टीटी सुरेख अशा फॉन्टांत तयार होत होती. त्या फाइलींत मराठी नसतेच. रोमन अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. कृतीदेवमधला ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच अशा पाच रोमन अक्षरांचा असतो.

आता ती फॉन्ट टॅगबद्दलची सूचना. अशा पानात कोणता भाग मराठी आणि कोणता खरोखर इंग्रजी, हे सांगणारी एकच खूण असते: फॉन्ट टॅगमधले फॉन्टचे नाव, किंवा स्टाइलमधले. ‘जुने फॉन्ट टॅग आधी काढून टाकू’ म्हणून अनरॅप केले की ती खूण गेली आणि पाच रोमन अक्षरे उरली, जी इंग्रजी नाहीत आणि मराठीही नाहीत. म्हणून साफसफाईच्याही आधी सर्व फाइलींतली फॉन्टची नावे गोळा करून मोजा. यादीत असे नाव निघाले तर आधी परिवर्तन, मग टॅग. एफटीएफवाय अशा मजकुरावर चालवू नका, सरळ अवतरणचिन्हे करणारी युक्तीही नको. तिथे तिरपे अवतरणचिन्ह म्हणजे एखादे अर्धे अक्षर असू शकते.

परिवर्तन म्हणजे नुसता अक्षराला अक्षर असा तक्ता नव्हे. या फॉन्टांत चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. ‘किती’ शब्दात पहिली वेलांटी आधी, क मागून. सरळ बदलले तर ‘िकती’ येते. रफार उलटा, अक्षरानंतर येतो, म्हणून ‘कर्म’चे ‘कमर्’ होते. तक्त्यातली लांब जोडणी आधी बदलायची, छोटी मागून, मग वेलांटी पुढच्या पूर्ण अक्षरानंतर न्यायची (जोडाक्षर असेल तर संपूर्ण जोडाक्षरानंतर) आणि रफार अक्षराच्या आधी आणायचा. एका फॉन्टचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. एकच फॉन्ट असेल, त्याचा तयार तक्ता मिळत असेल आणि छापील प्रत शेजारी असेल तर हे काम स्वतः करता येते. मी पहिल्यांदा केले तेव्हा दोनशे शब्दांची यादी हाताने लिहून ताडून पाहिली होती आणि अजूनही तसेच करते.

इथे थांबा

पुढचे काही दिसले तर स्वतः पुढे जाऊ नका, जाणकाराला बोलवा.

बाइटच पुसले गेले असतील आणि जुनी प्रत नसेल. अंदाजाने भरलेले अक्षर नंतर कुणालाच ओळखता येत नाही. कथेत ते एक वेळ खपेल, माणसांच्या नावात नाही.

एका पानात दोन-तीन जुने फॉन्ट मिसळलेले असतील आणि नावांची खूण कुणीतरी आधीच काढून टाकली असेल.

मजकूर सातबारा, निकालपत्र, मालमत्तेची कागदपत्रे, औषधांच्या मात्रा, सभासदांच्या यादीसारखा असेल. इथे एक वेलांटी चुकली तरी माणसाचे नुकसान होते. स्क्रिप्टने काढलेला मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहणारा, मराठी नीट वाचणारा दुसरा माणूस लागतोच, आणि त्याच्या कामाचे पैसे आधी धरा.

फाइली चालू संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असतील आणि बदल थेट तिथेच करावा लागणार असेल.

आणि एक वेळेची मर्यादा. एन्कोडिंग, पार्सर आणि टॅग या तपासण्या करूनही एका नमुना-पानावर दोन दिवस गेले असतील, तर तिसरा दिवस घालवू नका.

जाणकाराकडे जाताना न हाताळलेल्या मूळ फाइली न्या, तुमच्या साफ केलेल्या नाहीत. तुम्ही चालवलेली स्क्रिप्टही द्या, कारण काय गमावले गेले ते तिच्यातून कळते. दहा पाने अशी निवडा की त्यात जोडाक्षरे, आकडे, तक्ता आणि इंग्रजी मजकूर सगळे येईल, आणि त्यांची छापील प्रत किंवा छायाचित्र सोबत ठेवा. ज्या संगणकावर ती पाने कधीकाळी तयार झाली तो अजून कोपऱ्यात असेल तर त्याच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट फोल्डर आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फॉन्टची मूळ फाइल मिळाली की त्यातला एकेक आकार पाहून तक्ता नव्याने बांधता येतो, आणि असे संगणक दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातात.